डोकं बदला, घोडा तोच

राज्य करायला डोकं लागत नाही. घोडा लागतो, चिलखत लागतं, हातात सेनापतीचा दंड लागतो, आणि बाजूला शिरस्त्राण सांभाळत उभा राहणारा एक पोऱ्या लागतो. डोकं मागाहून बसवता येतं. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवलेला पुरावा आहे. सतराव्या शतकातला, खास इंग्लंडातला.

अँथनी व्हॅन डाइक नावाच्या चित्रकाराने १६३३ साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचं भलंमोठं तैलचित्र काढलं. कमानीतून राजा पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येतोय. हा चार्ल्स अंगाने बुटका होता. पण चित्राची मांडणीच अशी की बघणाऱ्याची नजर घोड्याच्या गुडघ्याशी राहते. मान वर केल्याशिवाय राजा दिसत नाही. बघणाऱ्याची मान कशी वाकेल किंवा वर होईल याचा हिशेब आधी, मग राजाचं नाक-डोळे. बरोक म्हणतात त्या काळातल्या कलेची सगळी हुशारी यात आहे.

पुढे यादवी झाली आणि ३० जानेवारी १६४९ ला लंडनात भरचौकात या राजाचं मुंडकं उडवलं. ऑलिव्हर क्रॉमवेल सत्तेवर आला. राजा नको, सरदारांची सभा नको म्हणणाऱ्या बाजूचा पुढारी. लंडनात तेव्हा पिएर लोंबार नावाचा फ्रेंच कोरक काम करत होता. त्याने व्हॅन डाइकच्या त्याच ढबीवरून घोडेस्वाराचं मोठं चित्र तांब्यावर कोरलं. घोडा, चिलखत, दंड, चाकर पोरगा, सगळं जागच्या जागी. आणि धडावर क्रॉमवेलचं डोकं. ज्याने राजाचं मुंडकं उडवलं त्याला बसायला राजाचंच धड लागलं.

गंमत इथेच संपत नाही. १६५८ ला क्रॉमवेल मेला, १६६० ला मेलेल्या राजाचा पोरगा गादीवर आला. १६६१ मध्ये क्रॉमवेलचं प्रेत उकरून फासावर लटकवलं, मुंडकं तोडून खांबाला टोचलं. तांब्यावरही तीच शिक्षा झाली. क्रॉमवेलचा चेहरा खरवडला गेला आणि त्याच खांद्यांवर चार्ल्सचं डोकं बसलं. या चित्राचा एक बिनडोक्याचा छापही शिल्लक आहे. सगळा थाट जागेवर, कॉलरच्या वर नुसता कोरा कागद. जाणकार मंडळी गेली शंभर वर्षं वाद घालतायत की कुठलं डोकं कितव्या नंबरला आलं. घालू दे. मी तो छाप मोबाइलवर मोठा करून करून पाहिला आणि मला जे कळायचं ते कळलं. सत्तेची खरी तसबीर ती आहे, बिनडोक्याची. बाकीचे नुसते भाडेकरू.

कोणी शहाणा म्हणेल, अरे तो धंदा होता. तांबं महाग, मेहनत महाग, कोण नवा पत्रा कोरत बसणार? बरोबर आहे, धंदाच होता. पण गिऱ्हाइकाने ते चित्र विकत घेतलं ना? क्रॉमवेलवाल्यानेही घेतलं आणि राजावाल्यानेही. घोड्याच्या पायाशी मान वर करून उभं राहायला दोघांनाही काही वाटलं नाही. मुद्दा तो आहे.

आता हे काम होतं कसं ते सांगतो, कारण कलेवर लिहिणारे सुशिक्षित लोक ‘रेषेचं लालित्य’ म्हणून मोकळे होतात आणि हात कुणाचे राबले ते सांगत नाहीत. घासून आरशासारखा केलेला तांब्याचा पत्रा. हातात चौकोनी पोलादी कोरणी, तिची मूठ तळहातात रुतलेली. कोरणी पुढे ढकलायची, वळण आलं की हात नाही, पत्राच फिरवायचा, खाली उशी असते. जोर दिला की रेषा जाड, सोडला की केसासारखी. सगळं उलटं कोरायचं, अक्षरंसुद्धा, तेव्हा कागदावर सुलटं येतं. चूक झाली तर खरवडायचं, पाठीमागून ठोकून तांबं वर आणायचं, घोटायचं आणि पुन्हा कोरायचं. क्रॉमवेलचं डोकं असंच गेलं. मग शाई खाचांत भरायची, वरची पुसून काढायची, शेवटचा हात उघड्या तळव्याने. ओला कागद पत्र्यावर ठेवून दोन रुळांच्या मधून काढायचा. दाब एवढा की पत्र्याच्या कडा कागदात कायमच्या उमटतात. मी गोदीत माल चढवणारा-उतरवणारा माणूस, दाब म्हणजे काय ते मला पुस्तकातून वाचावं लागत नाही.

आब्राम बॉस नावाच्या कोरकाने १६४२ मध्ये अशा छापखान्याचंच चित्र काढून ठेवलंय. एक जण पत्र्याला शाई लावतोय, दुसरा तळव्याने पुसतोय, तिसरा यंत्राच्या चाकाचे दांडे ओढतोय, नुसत्या हाताने जमत नाही म्हणून पायही देतोय. वर दोरीवर छापलेले कागद वाळतायत. त्या काळच्या हजारो तसबिरी बघितल्या तर बहुतेक माणसं नुसती असतात, काही करत नाहीत. या एका चित्रात माणसं काम करतायत. आणि म्हणूनच बहुधा त्यांना नावं नाहीत.

नावाची गोष्ट मोठी आहे. या चित्रांच्या तळाला बारीक लॅटिन अक्षरं असतात. पिंक्सिट, म्हणजे अमक्याने रंगवलं. स्कुल्पसिट, अमक्याने कोरलं. एक्सकुडिट, अमक्याने छापून विकलं. चाक ओढणारा कुठल्याच शब्दात बसत नाही. आणि वर, मोठ्या अक्षरांत, चौकटीभोवती फिरवून: ज्याचं तोंड आहे त्याचं नाव, त्याच्या पदव्या, जहागिऱ्या.

रोबेर नांतय या माणसाचं काम बघा म्हणजे हा साचा कळेल. रँस गावचा, जन्म १६२३, मृत्यू १६७८. दोनशेवर तसबिरी कोरल्या. चौदाव्या लुईचा दरबारी कोरक. हात असा की मी त्याला सलाम करतो, खोटं बोलणार नाही. त्याच्या बहुतेक तसबिरी एका घडणीच्या. लंबगोल चौकट, ती दगडी असल्यासारखी कोरलेली. खाली चौथरा. चौथऱ्यावर घराण्याचं कुळचिन्ह. चौकटीतून छातीपर्यंतचा माणूस, अंग जरा वळलेलं, पण डोळे थेट आपल्यावर. म्हणजे तो खिडकीत, आपण रस्त्यात. त्याला दगडाचं घर, आपल्याला वारा. अजून जिवंत असलेल्या माणसाला थडग्याचा दगड लावून ठेवायचा, की याचा मान मेल्यावरही हलणार नाही!

या चित्रात रंग नाही हे लक्षात घ्या. तैलचित्रात लाल मखमल लावली, सोनेरी किनार मारली की काम झालं. इथे नुसती काळी रेषा. म्हणून कोरकाला सगळी श्रीमंती पोतातून काढावी लागते. रेशीम वेगळं चमकतं, लोखंडी चिलखत वेगळं. जाळीदार लेसचा एकेक टाका मोजून घ्या. केसांच्या टोपाची वळणं नागासारखी. धर्मगुरू असेल तर डगला जड, न्यायाधीश असेल तर आणखी जड. चेहऱ्यावर मात्र बारीक बारीक टिंबं, की कातडी मऊ दिसावी, ऊन न लागलेली. एकही माणूस घामेजलेला नाही. कपड्यावरून माणसाची पायरी ठरवणं म्हणजे काय ते या देशात आपल्याला कोणी शिकवायला नको. तिकडे ते रेषेने केलं एवढंच.

मग याच नांतयच्या काळात, १६६० मध्ये, लुईने सँ-झाँ-द-ल्यूज या गावी एक हुकूम काढला. कोरकाम ही स्वतंत्र कला आहे, ते कारागिरांच्या पंचायतीच्या, त्यांच्या बंधनांच्या खाली येणार नाही. कारागीर एका फटक्यात कलावंत झाला. वाचून मला आनंद झाला, आणि मग लगेच संशय आला. राजाने कोरकाला वर घेतलं, कारण कोरक राजाला वर घेत होता. देणंघेणं होतं. मी नांतयला दोष देत नाही. धंद्याच्या बेडीतून सुटायची वाट मिळाली तर कोण सोडेल? पण सुटला तो एकटा कोरणीवाला. शाई पुसणारा तिथेच राहिला. व्हॅन डाइकच्या नावाने अँटवर्पला तसबिरींची मोठी मालिका निघाली होती, १६४५ च्या आवृत्तीत ती शंभरावर गेली. त्यात राजे-सेनापती एका गटात, मुत्सद्दी-पंडित दुसऱ्यात आणि तिसऱ्या गटात चक्क चित्रकार, कोरक. क्रांतीच म्हणायची. पण चित्रकारसुद्धा उभे कसे? झगा खांद्यावरून टाकलेला, हात छातीशी, मान सरदारासारखी. हातात ब्रश असलेला शोधावा लागतो. वर चढले, पण जिना मालकाचाच.

तैलचित्र एका महालात एका भिंतीवर लटकतं. ते बघायला आत जावं लागतं, आणि आत कोण सोडतो? छापील तसबीर बाहेर पडते. टपालाने जाते, पुस्तकात शिवली जाते, दुकानात टांगली जाते. लुईचा मंत्री कोल्बेअर याने राजाच्या पराक्रमाच्या, महालांच्या चित्रांचे छापील ग्रंथ काढवले. ते परदेशी वकिलांना, दरबारांना भेट दिले जायचे. नुसत्या या एका राजाच्या सुमारे ७०० छापील तसबिरी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत म्हणतात. कॉलेजातले पोरगेही यात ओढले गेले. तिकडे प्रबंधाचा जाहीर वादविवाद असायचा, त्याची भिंतीवर लावायची मोठी पत्रिका छापली जायची. खाली पोराचे सिद्धांत, वर राजाची किंवा एखाद्या बड्याची तसबीर, पोराने पैसे खर्चून कोरून घेतलेली. नांतयची माणसाच्या प्रत्यक्ष आकाराची राजाची डोकी या कामाला वापरली जायची. बुद्धीने भांडायला निघालेला पोरगा आधी तसबिरीखाली उभा! आपल्या विद्यापीठात गाइडचे पाय धरणाऱ्या मित्रांनी हे वाचून रागवू नये.

याचा कळस म्हणजे इयासँत रिगो याने १७०१ साली रंगवलेला लुई. राजा तेव्हा ६३ वर्षांचा. पांढऱ्या केसाळ कातडीचं अस्तर लावलेला निळा झगा, त्यावर सोनेरी कमळं, डोक्यावर केसांचा डोंगर, पायात लाल टाचांचे जोडे. हे चित्र पुढे पिएर द्रव्हेने तांब्यावर कोरलं आणि मग तो लुई सगळ्यांचा झाला. त्याच्यावर सगळ्यात झणझणीत टीका मात्र लेखाने नाही, चित्रानेच झाली. १८४० मध्ये थॅकरेने (आपल्या मुंबईचे ठाकरे नव्हेत, विलायतेचा कादंबरीकार) तीन आकृत्या शेजारी शेजारी काढल्या. पहिली: नुसता झगा, टोप आणि उंच टाचांचे जोडे, आत कोणी नाही. दुसरी: टकल्या, पोट सुटलेला, काठी टेकणारा म्हातारा. तिसरी: म्हातारा झग्यात घातला की झाला राजा. पहिली आकृती आणि लोंबारचा बिनडोक्या घोडेस्वार, दोन्ही एकाच खुंटीला टांगण्यासारखे आहेत.

आता त्या पोऱ्याकडे वळू. शिरस्त्राण धरणारा. या सगळ्या थाटात त्याचं काम काय? मोजमाप. साहेब किती मोठा हे कळायला शेजारी लहान माणूस लागतो. सतराव्या शतकात जहाजं भरून गुलाम विकले जाऊ लागले तसा या जागी काळा पोरगा येऊ लागला. पिएर मिन्यारने १६८२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सच्या रखेलीचं, डचेस ऑफ पोर्ट्समथचं, चित्र रंगवलं. तिच्या कुशीशी एक काळी लहान मुलगी, शिंपल्यातून मोती आणि हातातून पोवळं पुढे करतेय. बाईचं नाव, घराणं, तारीख सगळं नोंदलेलं. मुलीचं नाव नाही. तीही मोत्या-पोवळ्यासारखी एक वस्तू, बाईची कातडी आणखी गोरी दिसावी म्हणून ठेवलेली.

उलटंही एक उदाहरण आहे आणि ते मी मुद्दाम सांगतो. व्हेन्सेस्लाउस होलर नावाचा बोहेमियातला कोरक, लढाया आणि यादव्यांनी देशोधडीला लागलेला. १६४५ मध्ये त्याने एका काळ्या तरुण बाईचं डोकं कोरलं. लहानसा कागद. ना चौकट, ना चौथरा, ना मोती पुढे करणं. ती कुणाची चाकर म्हणून तिथे नाही, कुणाच्या शेजारी नाही. एवढी माया त्या रेषेत आहे की मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. पण नाव तिलाही नाही. तिच्याबद्दल लिहायचं तर ‘काळी तरुणी’ असंच लिहावं लागतं. माणूस नाही, नमुना. पुढे कॅमेरा आला आणि हा नमुन्यांचा धंदा वाढला. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ मध्ये ‘द पीपल ऑफ इंडिया’ म्हणून आठ खंड काढले, जातवार, जमातवार फोटो. तिथेही राजेरजवाड्यांना नाव, बाकी बहुतेकांना जात.

म्हणजे तसबिरी दोन प्रकारच्या. एक, लोकांनी बघावं म्हणून केलेली. हिच्या खाली पदवी असते. दुसरी, पकडता यावं म्हणून काढलेली; हिच्या खाली नंबर असतो. माझ्या गेटपासवर माझा फोटो आहे. समोरून, मागे पांढरा पडदा, हसायचं नाही, खाली आकडा. ऊन-पाण्याने चेहरा फिका पडलाय, आकडा ठसठशीत आहे. गेटवरचा माणूस आधी आकडा बघतो.

आणि पगाराच्या दिवशी? शंभराच्या किंवा पाचशेच्या नोटेवरच्या छबीवरून अंगठा फिरवा. उंचवटा लागतो. हीच ती विद्या. पत्रा आता तांब्याचा नाही, यंत्रं आली, पण तत्त्व नांतयचंच: खाचेत शाई आणि प्रचंड दाब. जगभर नोटांवर तोंड याच रेषा-टिंबांनी काढतात, कारण तीनशे वर्षांत लोकांच्या बोटांना सवय लागली की अशा रेषेतला माणूस म्हणजे भरवशाचा, सरकारी, खरा. आपल्या नोटेवर कोण आहे ते सांगायला नको. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणारा माणूस तिथे नाही, हेही सांगायला नको. पण दोस्तहो, नुसतं ‘ह्यांच्या जागी आमचे लावा’ म्हणून भांडायचं असेल तर लोंबारचा पत्रा आठवा. डोकं खरवडून दुसरं बसवणं हे दीड-दोन इंच तांब्याचं काम आहे. घोड्याला त्याचं काही वाटत नाही.

हे बोलायचं कारण आपल्याच वस्तीतले फ्लेक्स. चौकात जा आणि बघा. मधे भाऊ, कमरेपर्यंत, हात जोडलेले, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी. कडेने गोल चौकटीत शुभेच्छुकांची मुंडकी, पदाप्रमाणे मोठी-लहान. नावापुढे ‘मा.’, नावामागे पद. आणि वरच्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढे, बुद्ध, फुले, बाबासाहेब. कुळचिन्हाच्या जागी! ज्यांनी जन्माच्या पायऱ्या मोडायला आयुष्य घातलं त्यांना आम्ही भाऊच्या घराण्याचा शिक्का करून टाकला. बाबासाहेबांचा सूट हे लुईच्या झग्याचं उत्तर होतं. तो कुळातून आलेला नव्हता, शिकून कमावलेला होता, आणि जो शिकेल त्याला घालता येईल असा होता. भाऊच्या गॉगलचं तसं काय आहे? तो फक्त भाऊलाच शोभतो, शुभेच्छुकाने घातला तर फ्लेक्सवरून त्याचं मुंडकं गायब.

फ्लेक्सवाला पोरगा बिचारा कॉम्प्युटरवर साचा तयार ठेवून बसलेला असतो. नवा भाऊ आला की जुन्याचं डोकं पुसतो आणि नवं चिकटवतो, धड तेच, जोडलेले हात तेच. एकदा एका फ्लेक्सवर जोडलेल्या हातांतली अंगठी पूर्वीच्या भाऊची राहिली होती, त्यावरून वस्तीत दोन दिवस हसाहशी आणि एक दिवस हाणामारी झाली.

या वर्षी जयंतीला आमच्या गल्लीतल्या सहा-सात जणांनी ठरवलं की सफाईच्या कामावर जाणाऱ्या आपल्या बाया, गोदीतली, नाक्यावरची माणसं, ज्यांनी वर्गणी दिली ती सगळी छापायची. एकाच मापाने, नावासकट, वयासकट, कोणाचं काम काय ते लिहून. एकशेबेचाळीस फोटो जमले. काही गेटपासवरूनच मोबाइलवर काढून घेतले, कारण दुसरा फोटोच नव्हता. काही म्हाताऱ्या तोंड पुसून, पदर सावरून उभ्या राहिल्या आणि विचारत राहिल्या, मला कशाला रे? भाऊच्या माणसांनी अजून परवानगी दिलेली नाही. चौकातली ती जागा त्यांची आहे म्हणतात. फ्लेक्सवाल्याने सगळे फोटो घेतले, मापं लिहून घेतली, चौरस फुटाचा दर सांगितला आणि पेन कानाला लावून विचारलं, ‘मधे मोठा कोण घ्यायचा?’ कोणी नाही म्हटलं. त्याला वाटलं फोटो अजून यायचा आहे. म्हणाला, ‘ठीक आहे, मग मधली जागा मोकळी ठेवतो.’